साम्राज्यं चैनीने बुडतात की देखभालीच्या खर्चाने?

जुनंपुराणं:
"रोम ऐषारामाने बुडालं, आपलंही तेच होणार" हे ऐकून कान किटले. ऐषाराम तर रोम ऐन भरात असतानाही होता. नीतिमत्ता रसातळाला गेल्याचं रडगाणं पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळातही गायलं जात होतं, आणि त्यानंतर (पुढे साम्राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यातलं) पश्चिमेकडचं साम्राज्य साडेचार शतकं तगलं.

मला कारण नाण्यांत दिसतं. ऑगस्टसचं देनारियस हे नाणं जवळपास शुद्ध चांदीचं. इ.स. २६८च्या सुमारास चांदीच्या म्हणवल्या जाणाऱ्या नाण्यात चांदी शेकडा पाचही उरली नव्हती. नवे प्रदेश जिंकणं थांबलं, म्हणजे लूट थांबली. सैन्याचा पगार, सीमेवरचे तळ, रस्ते, जलवाहिन्या यांचा खर्च मात्र चालूच. मग सम्राटांनीच चांदीत हात मारला. ३०१ साली सम्राट डायोक्लेशियनने वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले, जास्त घेणाऱ्याला देहदंड. माल बाजारातून गायब!

आजचा समाजही आजोबांनी बांधलेल्याची डागडुजी करतोय, तीही कर्ज काढून. आपण उतरणीला लागलोय, असं माझं मत.

शंकासुर:
गोष्ट झकास, पण अर्धीच सांगितलीत. त्याच्यानंतरच्या सम्राट कॉन्स्टंटाइनने सॉलिडस हे सोन्याचं नाणं काढलं, त्याची पत सुमारे सातशे वर्षं टिकली. ४७६ साली पश्चिमेचा सम्राट पदच्युत झाला तेव्हा पूर्वेकडे तेच कायदे, तोच धर्म, तशीच नोकरशाही होती, आणि ते राज्य १४५३ पर्यंत चाललं. खर्चानेच मरायचं तर दोघंही मेले असते. फरक एवढाच की ४३९ साली व्हँडल या जर्मॅनिक टोळीने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज घेतलं आणि तिथलं धान्य नि कर पश्चिमेच्या हातून गेले. पूर्वेकडे इजिप्त शाबूत होता. याला उतरण नाही, अपघात म्हणतात.

जुनंपुराणं:
अपघात म्हणा. पण ४६८ साली कार्थेज परत घ्यायला मोठं आरमार गेलं, बराचसा खर्च पूर्वेने केला, आणि ते आरमार जळालं. पूर्वेचा खजिना जवळजवळ रिकामा झाला, तरी ती उभी राहिली. पश्चिम आठ वर्षांत संपली. भरल्या घराला अपघात पचतो, मी तेच म्हणतोय.

मातीची भांडी:
सम्राट, खजिना, आरमार. बाकीची माणसं कुठे गेली? मध्य अमेरिकेतल्या तिकाल या माया शहरात तारीख कोरलेला शेवटचा स्तंभ ८६९चा. राजे स्तंभ उभारेनासे झाले, की लगेच "माया संस्कृती लुप्त झाली". माया भाषा बोलणारे लाखो लोक आज आहेत. बुडाला तो दरबार. त्याला खंडणी देणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, पतन म्हणजे काय.

हिशेबनीस:
विचारलं असतं, पण दुष्काळात मेला असेल तो. रागावू नका, हे गोंडस चित्र मला पटत नाही. रोम शहरात दहा लाखांच्या आसपास लोक होते, सहाव्या शतकात काही दहा हजारच उरले. ५३७च्या वेढ्यात गॉथ या जर्मॅनिक टोळीने जलवाहिन्या तोडल्या. ती सगळी माणसं खेड्यात जाऊन सुखाने नांगर धरत बसली नव्हती.

आणि आजच्याशी तुलना करायचीच तर रोम सोडा, कांस्ययुग घ्या. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे इ.स.पू. १३००च्या सुमाराचं बुडालेलं जहाज सापडलं. त्यात सुमारे १० टन तांबं आणि १ टन कथील. तांबं सायप्रसचं, कथील लांबलांबच्या खाणींतलं. यातलं एक जरी अडलं तरी कांस्य नाही, म्हणजे हत्यारं नाहीत, अवजारं नाहीत. इ.स.पू. १२००च्या आगेमागे हत्तुशा (आजच्या तुर्कस्तानातली हित्तींची राजधानी), उगारित (सीरियाच्या किनाऱ्यावरचं बंदर), मायसीनी (ग्रीसमधलं राजवाड्याचं शहर) अशी एकेक केंद्रं काही दशकांत कोसळली. भूकंप, दुष्काळ, स्वाऱ्या, कारणांवर अजून वाद आहेत. पण सगळे एकमेकांच्या गाठीत अडकलेले होते एवढं नक्की. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एक जहाज आडवं झालं, तर सहा दिवस जगाचा माल खोळंबला.

शंकासुर:
आणि मग निघालं की! देवी हा रोग आपण १९८० साली जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. ओझोनचा थर खाणारी रसायनं थांबवायला १९८७ मध्ये करार केला आणि बऱ्यापैकी पाळलाही. हत्तुशाच्या राजाकडे यातलं काय होतं?

हिशेबनीस:
ओझोनच्या वेळी पर्यायी रसायनं मिळाली, म्हणून पाळला. खनिज तेलाचं तसं करून दाखवा, मग बोलू.

मातीची भांडी:
मायसीनीची लिपी येत होती ती राजवाड्यातल्या कारकुनांना. राजवाडे गेले, लिपी गेली. ग्रीक पुन्हा लिहायला लागले ते सुमारे चारशे वर्षांनी, फिनिशियनांची अक्षरं उचलून. गंमत म्हणजे त्या राजवाड्यांतल्या कच्च्या मातीच्या पाट्या आपल्या हाती लागल्या त्या आगीत भाजून निघाल्या म्हणूनच. वाचल्यावर काय निघालं? मेंढ्या, लोकर आणि तेलाच्या याद्या.

जुनंपुराणं:
म्हणजे राजवाडा पेटेपर्यंत जमाखर्चच चालू होता! माझा मुद्दा मी मागे घेत नाही. शंकासुरांचा सॉलिडस मात्र अडचणीचा आहे, त्यावर सवडीने लिहितो.