इंग्रजीच्या वर्गात दुखणी शिकवायची की नाही?

खडूफळा: काल इथेच ‘तर्कट’ यांनी लिहिलं की स्पोकन इंग्लिशच्या वर्गात आजारपणाचा धडा म्हणजे वेळेची नासाडी, भाषेच्या शिक्षकांनी डॉक्टरकी करू नये. तेव्हापासून डोकं तापलंय. माझ्या वर्गात नऊ जणी आहेत, सगळ्या लेकीसुनांच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या. त्यांना ‘माय हॉबी’ कशाला हवंय? परवा एकीला विचारलं, जेवल्यावर छातीत जळजळतंय हे कसं सांगाल? म्हणाल्या, ‘माय हार्ट इज बर्निंग.’ शब्द ‘हार्टबर्न’ आहे, पण हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ठणका, कळ, मुरडा हे सगळं आपण इंग्रजीत ‘पेन’मध्ये कोंबतो. मी ठणक्याला ‘थ्रॉबिंग’, मुरड्याला ‘क्रॅम्प्स’, असं पोटाडोक्याला हात लावून म्हणवून घेते. ही नासाडी?

तर्कट: दुखणं सांगायला शिकवा की. माझा राग धड्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर आहे, तो ‘यू शुड’वाला सल्ला. माझ्या भाचीच्या वर्गात एकाने ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हटलं, दुसरा म्हणाला ‘यू शुड टेक अँटिबायोटिक्स’, आणि शिक्षकांनी ‘व्हेरी गुड’ दिलं, कारण व्याकरण बरोबर! सर्दी विषाणूची, तिथे अँटिबायोटिकचा काय उपयोग?

लेस्टरकर: ते राहू द्या, आधी ‘लूज मोशन’ बंद करा. इथे इंग्लंडात ‘डायरिया’ म्हणतात.

जुना कंपाउंडर: ‘मोशन’ इंग्रजांचाच शब्द आहे हो. तिथल्या डॉक्टरला कळतो. अमेरिकेत अडेल कदाचित.

लेस्टरकर: माझ्या आईला रिसेप्शनवर तीनदा सांगावं लागलं, शेवटी हातवारे केले. तिची मान खाली गेली ती मी पाहिलीय.

जुना कंपाउंडर: म्हणून आपल्या चाळीस वर्षांच्या बोलीला चूक ठरवायचं? परदेशात बसून आमची इंग्रजी तपासू नका.

लेस्टरकर: तपासत नाही. आईचं सांगतोय. तुमची आई त्या खिडकीशी उभी नव्हती.

जुना कंपाउंडर: बरं. दोन्ही शब्द शिकवा. बोली मात्र चूक नाही.

एडिसनची मावशी: मोशनवरच किती वेळ? माझ्या सासूबाई इथे अमेरिकेत दुकानात ‘पॅरासिटामॉल’ शोधत फिरल्या. इथे त्याला ‘असिटामिनोफेन’ म्हणतात. घरात आणलेल्या सर्दीच्या औषधातही तेच होतं, हे मला रात्री खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून कळलं. दोन्ही एकत्र घेतल्या असत्या तर मात्रा वाढली असती, आणि जास्त मात्रा यकृताला घातक. धड्यात हे हवं. आणि एक, सरकारी निधी घेणाऱ्या इथल्या इस्पितळांना दुभाषा फुकट द्यावा लागतो, फोनवर का होईना. मागायचं धैर्य हवं. सासूबाई मात्र ‘थोडं थोडं येतं’ म्हणत मान डोलवत बसल्या.

तर्कट: हे मला माहीत नव्हतं. मग शिकवायचं तर तेच पहिलं शिकवा. दुखणी शिकवण्याबद्दलचं माझं कालचं वाक्य मागे घेतो. अँटिबायोटिकचं नाही.

खडूफळा: अँटिबायोटिकबद्दल तुमचंच बरोबर, त्या शिक्षकांनी तिथेच थांबवायला हवं होतं. पण सल्ला सोडणार नाही. नात तापली की आजीला ‘यू शुड कॉल द डॉक्टर’ म्हणता यायलाच हवं. उद्या फळ्यावर पहिलं वाक्य मात्र ‘आय नीड अ मराठी इंटरप्रिटर.’