घोड्याच्या पाठीचं माप घेताना डावी-उजवी बाजू जुळत नाही

रिकीब:
नवं खोगीर करून घ्यायचंय, कारागिराला पाठीचा आकार कागदावर हवा आहे. ६० सेंमीची लवचिक पट्टी (वाकवली की तशीच राहणारी, फ्लेक्सिबल कर्व्ह) वापरतोय. विदर्सवर (मानेच्या मुळाशी, खांद्यांमधल्या उंचवट्यावर) बसवली, कागदावर रेघ मारली, पुठ्ठा कापून परत घोड्यावर ठेवला, तर वर फट राहते आणि खाली पुठ्ठ्याचे दोन्ही पाय, म्हणजे टोकं, टेकतात. शिवाय डावी बाजू जास्त भरलेली दिसते, पण फरक दर वेळी वेगळा येतो. पट्टी चुकतेय की घोडाच वाकडा आहे? आणि मापं नेमकी कुठे कुठे घ्यायची?

खरारा:
फरक दर वेळी बदलतो ना? मग संशय आधी मापावर घ्या, घोड्यावर नंतर.

वर फट म्हणजे पुठ्ठा अरुंद झालाय. पट्टी उचलून कागदापर्यंत नेताना तिचे पाय आत आले. दोन्ही हातांनी मध्याजवळ धरून सरळ वर उचला, एका टोकाने ओढू नका. रेघ मारून झाली की तीच पट्टी परत घोड्यावर ठेवून बघा. बसली तर रेघ खरी, नाही तर कागद फेकून द्या. रेघ पट्टीच्या आतल्या, म्हणजे अंगाला लागलेल्या कडेने मारायची. बाहेरच्या कडेने मारली तर उलटी चूक होते: पट्टीची जाडी दोन्हीकडे मिळते आणि आकार रुंद येतो.

घोडा सपाट, टणक जमिनीवर, चारही पायांवर सारखा भार. मागचा एक पाय आरामात टेकवलेला असला तरी पाठ तिरपी होते. मान सरळ, डोकं नेहमीच्या उंचीवर. चारा खायला डोकं खाली गेलं की पाठ वर येते, वर ताणलं की खचते. आणि माप कामाच्या आधी घ्या, कामानंतर पाठीचे स्नायू थोडे फुगलेले असतात.

जागा:
– खवाट्याच्या (खांद्याच्या चपट्या हाडाच्या) मागच्या कडेपासून साधारण ५ सेंमी मागे. इथे खोगिराच्या सांगाड्याची, म्हणजे ट्रीची टोकं येतात. सगळ्यात महत्त्वाचं माप हेच.
– पाठीच्या सगळ्यात खोलगट जागी.
– शेवटच्या बरगडीच्या मणक्यावर. खोगिराचा भार याच्या मागे जाता कामा नये.
– चौथं माप लांबीचं: विदर्सपासून शेवटच्या बरगडीपर्यंत, कण्यावरून. ६० सेंमी कमी पडली तर दोन तुकड्यांत घ्या, तुकडे थोडे एकमेकांवर चढू द्या.

चारही जागी खडूने खुणा करा आणि खुणांमधली अंतरं कागदावर लिहा. नुसत्या रेघा पाठवल्या तर कारागिराला त्या एकमेकींपासून किती लांब आहेत ते कळणार कसं?

तंगपट्टा:
डाव्या-उजव्याचं खरं दुखणं वेगळंच आहे, आणि ते बहुतेक जण विसरतात. पट्टीला उभी रेषा कुठली ते ठाऊक नसतं. कागदावर ती दोन-तीन अंशांनी फिरली तरी एक बाजू भरलेली, दुसरी बसकी दिसते. सारख्या घोड्याचाही वाकडा घोडा होतो.

उपाय: पट्टीच्या मध्यावर चिकटपट्टीची खूण करा आणि ती खूण बरोबर कण्यावर ठेवा. पट्टी घोड्यावर असतानाच मदतनिसाने तिच्यासमोर पाणसळ आडवी धरायची. बुडबुडा मध्ये आला की पाणसळीची कड पट्टीच्या दोन्ही पायांना जिथे छेदते तिथे पेनने खूण. आलेखाचा कागद घेऊन या दोन खुणा त्याच्या एकाच आडव्या रेषेवर ठेवायच्या, मगच रेघ. असं तीनदा करा. तिन्ही रेघांत डावी बाजूच भरलेली आली तर घोडा खरंच असमान आहे. कागदावर डावी, उजवी आणि तारीख लिहायला विसरू नका. कागद उलटा धरला की सगळं मुसळ केरात.

रिकीब:
पाणसळीने केलं. तिन्ही वेळा डावा खांदा भरलेला. मग खोगीर कुठल्या बाजूच्या मापाने करायचं? आणि शेवटची बरगडी शोधताना जागा फारच मागे येतेय, कमरेवर.

खरारा:
बरगडी खालून चाचपत वर जाताय आणि वर ती हाताला लागेनाशी झाली की तिथून सरळ उभे चढताय, असं वाटतं. बरगडी वर जाताना पुढे झुकते. वरचा भाग जाड स्नायूखाली असतो, म्हणून तिचा तिरकस कल तसाच धरून कण्यापर्यंत जा. जागा पुढे येईल.

तंगपट्टा:
ट्री भरलेल्या बाजूच्या मापाने. बसक्या बाजूची उणीव खोगिराच्या गादीत लोकर भरून किंवा पॅडखाली (खोगिराखाली घालायच्या जाड कापडाखाली) पातळ थर देऊन काढता येते. पण भरलेला खांदा अरुंद ट्रीत कोंबला तर दर पावलाला चिमटा बसतो, कारण पुढचा पाय पुढे गेला की खवाट्याचं वरचं टोक मागे सरकतं.

रुंदी जुळली म्हणून खूश होऊ नका, कोनही बघा. ट्रीची टोकं रेघेला समांतर हवीत. रुंदी बरोबर पण कोन उभट असेल तर फक्त टोकं रुततात. पुढचा भाग उचलला जाऊन स्वार मागे कलत असेल तर ट्री अरुंद. पुढचा भाग विदर्सवर बसत असेल तर रुंद. जाड पॅड वापरणार असाल तर आताच कारागिराला सांगा, ते जागा खातं.