मदत हवी आहे: ‘मेरी सेलेस्ट’च्या गूढकथेतून इंग्रजी व्याकरण आणि शब्दसंग्रह शिकताना येणाऱ्या अडचणी

नमस्कार.

इंग्रजी मी नियम पाठ करून शिकलो. काळांचे तक्ते आजही तोंडपाठ आहेत, परंतु सलग मजकूर लिहायला बसलो की प्रत्येक क्रियापदापाशी अडखळायला होते. म्हणून या वेळी व्याकरणाचे आणखी एक पुस्तक न घेता एकच खरी घटना निवडायची, तिच्यावर सोप्या इंग्रजीत लिहिलेला मजकूर वाचायचा आणि तीच हकिकत स्वतःच्या इंग्रजीत पुन्हा लिहून काढायची, असे ठरवले. त्यासाठी मेरी सेलेस्ट या जहाजाचे गूढ निवडले आहे. वाचनात गोडी लागली आहे, पण लिहिताना काही प्रश्न असे पडतात की त्यांची उत्तरे तक्त्यांत सापडत नाहीत.

ज्यांना ही घटना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सर्व प्रश्न तिच्याशीच बांधलेले आहेत. कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे १८६१ साली ‘ॲमेझॉन’ या नावाने पाण्यात उतरलेले हे दोन डोलकाठ्यांचे जहाज पुढे अमेरिकन मालकांकडे गेले आणि १८६८ साली त्याचे नाव मेरी सेलेस्ट झाले. ७ नोव्हेंबर १८७२ रोजी ते न्यूयॉर्कहून इटलीतील जिनोआकडे निघाले. जहाजावर कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्यांची पत्नी सारा, दोन वर्षांची मुलगी सोफिया आणि सात खलाशी अशी दहा माणसे होती; मालात औद्योगिक अल्कोहोलची १,७०१ पिंपे होती. ४ डिसेंबरच्या सुमारास ‘डेई ग्राशिया’ या जहाजाला ते अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान भरकटत असलेले दिसले. चढून पाहिले तर जहाजावर कोणीही नव्हते. एकमेव होडी नाहीशी झाली होती, स्थान व वेळ ठरवण्याची उपकरणे जागेवर नव्हती, मात्र अन्नपाणी भरपूर होते आणि माल जवळजवळ जसाच्या तसा होता. नोंदवहीतली शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, सांता मारिया बेटाजवळची होती. त्या दहा जणांचे काय झाले ते आजतागायत कळलेले नाही. (गरम चहाचे पेले आणि अर्धवट खाल्लेली न्याहारी हा नंतरच्या कथाकारांचा मसाला आहे. १८८४ साली आर्थर कॉनन डॉयल यांनी या घटनेवर बेतलेली एक काल्पनिक कथा लिहिली, तेव्हापासून खरे आणि रचलेले यांची सरमिसळ वाढत गेली. माझ्या मजकुरात मी चहा येऊ देणार नाही.)

पहिली अडचण ‘हॅड’ची आहे. आपण मराठीत ‘जहाज १८६१ साली बांधले होते’, ‘ते न्यूयॉर्कहून निघाले होते’ असे सहज म्हणतो, आणि त्याच चालीवर इंग्रजीत प्रत्येक वाक्यात ‘हॅड’ येऊ लागतो. वाचनातल्या मजकुरात मात्र जहाज बांधले गेल्याचे वाक्य ‘वॉज बिल्ट’ असे आहे आणि माणसे निघून गेल्याचे वाक्य ‘हॅड लेफ्ट’ असे आहे. दोन्ही घटना भूतकाळातल्याच, मग एकीला ‘हॅड’ का आणि दुसरीला का नाही? ‘आधी घडलेली क्रिया म्हणजे हॅड’ हा नियम मला पुरत नाही, कारण जहाजाचे बांधकाम तर सगळ्याच्या आधीचे आहे.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे आणि खरे तर हे गूढ निवडण्याचे कारणही तीच आहे. प्रत्यक्ष पाहणारा कोणी उरला नसल्यामुळे या प्रकरणावरचे प्रत्येक दुसरे वाक्य तर्काचे असते, आणि तिथे ‘मस्ट हॅव’, ‘मे हॅव’, ‘माइट हॅव’, ‘कुड हॅव’, ‘शुड हॅव’, ‘वुड हॅव’ यांची रांगच लागते. मराठीत ‘ते होडीत उतरले असणार’, ‘उतरले असावेत’, ‘उतरले असतील’, ‘उतरू शकले असते’ आणि ‘उतरायला नको होते’ यांत मला किंचितही गोंधळ होत नाही. पण इंग्रजीतले कोणते रूप यांपैकी कोणत्या छटेचे आहे, हे मी अंदाजानेच ठरवतो. विशेषतः ‘कुड हॅव’ कधी ‘असेल कदाचित’ असे वाटते, तर कधी ‘शक्य होते, पण केले नाही’ असे वाटते.

तिसरी अडचण शब्दांची आहे. जहाजाच्या भागांची, दोरांची आणि शिडांची नावे इतकी येतात की वही त्यांनीच भरत चालली आहे. त्यांतले किती लक्षात ठेवावे? समुद्रावर जाण्याचा माझा काही बेत नाही. परंतु हे शब्द गाळले तर परिच्छेदाचा अर्थ निसटतो.

एखाद्या घटनेच्या आधाराने अशा रीतीने भाषा शिकलेल्या किंवा शिकवलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. नियमांची यादी नको; शक्य असल्यास याच घटनेतली वाक्ये घेऊन समजावून सांगितले तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

आपण निवडलेली घटना या रूपांसाठी फारच सोयीची आहे. प्रथम ‘हॅड’विषयी. क्रिया किती जुनी आहे यावर हे रूप ठरत नाही. सांगणारा त्या वाक्यात कोणत्या क्षणी उभा राहून मागे पाहतो आहे, यावर ठरते. जहाज १८६१ साली बांधले गेले, हे आपण सरळ क्रमाने सांगत आहात, तेथून मागे वळून पाहत नाही. म्हणून ‘द शिप वॉज बिल्ट इन १८६१’. पण डेई ग्राशियाचे खलाशी डेकवर चढले त्या क्षणाशी आपण वाचकाला नेऊन उभे केले आणि मग त्याआधी काय घडून गेले होते ते सांगू लागलात, की ‘द क्रू हॅड लेफ्ट’ हे रूप येते. मराठीतला ‘होता’ पुष्कळदा नुसते ‘हे मागे घडले’ एवढेच सांगतो, त्यामुळे ‘होता’ दिसला की ‘हॅड’ लिहिणे थांबवावे. लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मी आत्ता कथेतल्या कोणत्या तारखेला उभा आहे? उत्तर ४ डिसेंबर असेल आणि क्रिया २५ नोव्हेंबरची असेल, तर ‘हॅड’ लिहावा.

या जोडीने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘जहाज सापडले’ या मराठी वाक्यात कर्मणीचा मागमूस नाही, म्हणून ‘द शिप फाउंड’ असे लिहिण्याचा मोह होतो, आणि मग जहाजालाच काहीतरी सापडले असा अर्थ होतो. ‘द शिप वॉज फाउंड’ हेच हवे. या हकिकतीत सापडणे, सोडले जाणे, ओढून नेले जाणे अशा क्रिया पदोपदी येतात, तेव्हा कर्मणीचा सराव आपोआप होईल.

आता तर्काची रूपे. यांचा अर्थ पाठ करण्याऐवजी पुरावा समोर ठेवून रूप निवडावे, असे माझे मत आहे. होडी जागेवर नाही, वेळ मोजण्याचे घड्याळ आणि सेक्स्टंटही (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जहाजाचे स्थान काढण्याचे उपकरण) नाही. यावरून माणसे स्वतःहून होडीत उतरली, हा निष्कर्ष जवळजवळ टाळताच येत नाही. मराठीत आपण ‘उतरली असणार’ म्हणू. इंग्रजीत ‘दे मस्ट हॅव लेफ्ट इन द बोट’. तळातले पाणी मोजण्याची सळई डेकवर पडलेली मिळाली, म्हणजे कोणीतरी पाण्याची खोली मोजली असणार. तिथेही ‘मस्ट हॅव’. मात्र कप्तानाने जहाज का सोडले, याबाबत पुरावा लंगडा पडतो. अल्कोहोलच्या वाफांमुळे स्फोट होईल असे त्याला वाटले असेल, किंवा पाणी उपसण्याचा एक पंप उघडून सुटा केलेला असल्यामुळे तळात किती पाणी आहे याचा चुकीचा अंदाज झाला असेल. या दोन्हींसाठी ‘मे हॅव’ किंवा ‘माइट हॅव’ योग्य. या दोहोंत ‘माइट’ थोडा अधिक दूरचा, पण या फरकासाठी झोप घालवू नये.

चाचेगिरीचा तर्क घेतल्यास नकाराचे रूप शिकता येते. माल शाबूत आहे, माणसांच्या वस्तूही जागेवर आहेत, म्हणून चाचे आले असणे शक्य नाही: ‘पायरट्स कान्ट हॅव अटॅक्ड हर’. ‘मस्ट हॅव’च्या विरुद्ध अर्थासाठी येथे ‘कान्ट हॅव’ किंवा ‘कुडन्ट हॅव’ हीच सर्वांत निर्धोक रूपे आहेत. ‘मे नॉट हॅव’ लिहिले, तर ‘कदाचित आले नसतील’ एवढाच मवाळ अर्थ निघतो.

‘कुड हॅव’ दोन अर्थांचे आहे, ही आपली शंका बरोबर आहे, आणि संदर्भाशिवाय ते ओळखता येत नाही. ‘द फ्यूम्स कुड हॅव फ्रायटन्ड हिम’ यात शक्यता आहे. ‘दे कुड हॅव स्टेड ऑन बोर्ड’ यात मात्र राहता आले असते, पण राहिले नाहीत, हा अर्थ आहे, कारण ते राहिले नाहीत हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. निकाल ठाऊक असेल तर दुसरा अर्थ, ठाऊक नसेल तर पहिला, एवढे धरून चालावे. ‘शुड हॅव’ हा तर्क नसून टीका आहे: थांबायला हवे होते.

प्रतिसाद २

शब्दांविषयी थोडे. अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द येथे अधिक फसवतात. होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातली माल ठेवण्याची जागा, वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी, साउंड करणे म्हणजे पाण्याची खोली मोजणे, आणि शीट म्हणजे शीड नव्हे तर शीड आवरून धरणारा दोर. लॉग हा शब्दही असाच. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधून लाकडाचा तुकडा पाण्यात टाकत, त्याच्या नोंदीच्या वहीला लॉगबुक म्हणू लागले, आणि आज संगणकातही आपण लॉग ठेवतो. असे शब्द समुद्राबाहेरही उपयोगी पडतात, त्यांना वहीत जागा द्यावी. हॅलयार्डसारखे नुसते दोराचे नाव असेल तर ‘शीड चढवण्याचा दोर’ एवढे समजून पुढे जावे.

शब्द एकटा न लिहिता त्याच्या सोबत्यासह लिहावा. ‘बाउंड फॉर जिनोआ’, ‘ॲट सी’, ‘ऑन बोर्ड’, ‘अबँडन शिप’ हे तुकडे जसेच्या तसे उचलावेत. जहाजाच्या नावाआधी बहुधा ‘द’ लागतो आणि कप्तानाच्या नावाआधी लागत नाही, द अझोर्स असते पण सांता मारियाला ‘द’ नसतो, हेही तुकडे उचलले की आपोआप अंगवळणी पडते. जहाजासाठी ‘शी’ वापरण्याची जुनी रीत आहे. आपण ‘इट’ लिहिलेत तरी चूक ठरत नाही, फक्त एका मजकुरात दोन्ही मिसळू नका.

आणखी एक सावधगिरी. सापडलेले जहाज जिब्राल्टर या ब्रिटिश बंदरात नेल्यावर तेथे झालेल्या चौकशीत फ्रेडरिक सॉली-फ्लड या सरकारी वकिलांनी मेरी सेलेस्टच्या खलाशांवर खुनाचा संशय घेतला होता. तो सिद्ध झाला नाही. हे लिहिताना ‘संशय’ म्हणून ‘डाउट’ वापरलात तर अर्थ उलटा होईल. ‘ही डाउटेड दॅट द क्रू हॅड किल्ड देम’ म्हणजे त्यांनी मारले असेल असे त्याला वाटत नव्हते. येथे ‘सस्पेक्टेड’ हवे.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. ‘कोणत्या तारखेला उभा आहे’ हा प्रश्न कागदावर वर लिहून ठेवला आहे. फक्त एक गाठ सुटायची राहिली आहे. होडी जहाजाला लांब दोराने बांधलेली असावी आणि तो दोर तुटल्यामुळे माणसे मागे राहिली असावीत, असा एक तर्क वाचनात आला. ‘दोर टिकला असता, तर ते परत आले असते’ हे वाक्य इंग्रजीत नेताना दोन्ही भागांत ‘वुड हॅव’ लिहावेसे वाटते, पण मजकुरात तसे दिसत नाही.

प्रतिसाद १ च्या लेखकाचे उत्तर

मराठीत दोन्ही भागांत ‘असता, असते’ असे एकच रूप येते, म्हणून तसे वाटते. इंग्रजीत अट सांगणाऱ्या भागात ‘हॅड’ आणि परिणाम सांगणाऱ्या भागात ‘वुड हॅव’ अशी विभागणी असते: ‘इफ द रोप हॅड हेल्ड, दे वुड हॅव कम बॅक’. ‘इफ’ला चिकटून ‘वुड’ लिहू नये, इतके येथे पुरे. सरावासाठी याच प्रकरणातल्या अटी घ्या: पंप उघडलेला नसता तर, अल्कोहोलऐवजी दुसरा माल असता तर, डेई ग्राशिया त्याच मार्गाने आले नसते तर. परिणामाची खात्री नसेल तिथे ‘वुड हॅव’च्या जागी ‘माइट हॅव’ घाला. आपली वाक्ये येथे लिहिलीत तर तपासून देईन.