लीचच्या सिम्युलेशनमध्ये क्लस्टर हेडची संख्या फेरीगणिक का बदलते?

प्रश्न

वायरलेस सेन्सर नेटवर्कमधील ऊर्जाबचतीच्या क्लस्टरिंग पद्धतींचा अभ्यास करताना मी लीच प्रोटोकॉलचे सिम्युलेशन मॅटलॅबमध्ये लिहिले आहे. यात सेन्सर नोडचे गट (क्लस्टर) पडतात आणि दर फेरीत काही नोड गटप्रमुख (क्लस्टर हेड) होऊन सदस्यांची पॅकेटे एकत्र करून बेस स्टेशन या केंद्राला पाठवतात. १०० मीटर बाजूच्या चौरसात १०० नोड विखुरलेले असून बेस स्टेशन चौरसाच्या बाहेर आहे. प्रत्येक नोडला सुरुवातीला ०.५ ज्यूल ऊर्जा दिली आहे, पॅकेट ४००० बिटचे आहे आणि क्लस्टर हेडचे अपेक्षित प्रमाण ५ टक्के ठेवले आहे. त्यानुसार दर फेरीत ५ क्लस्टर हेड मिळायला हवेत. प्रत्यक्षात कधी २ मिळतात, कधी ९, आणि एखाद्या फेरीत एकही मिळत नाही. निम्मे नोड बंद पडल्यानंतर तर अशा रिकाम्या फेऱ्या वारंवार येऊ लागतात. ही माझ्या प्रोग्रॅममधील चूक आहे की मूळ पद्धतच अशी आहे? शिवाय २० टक्के नोडना दुप्पट ऊर्जा देऊन पाहिली, तरी पहिला नोड बंद पडण्याची वेळ फारशी पुढे जात नाही. अशा परिस्थितीत हीड, सेप आणि पेगॅसिस या दुसऱ्या प्रोटोकॉलपैकी काय निवडावे?

उत्तर १

आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून प्रोग्रॅम चुकलेला दिसत नाही. लीचचा थ्रेशोल्ड, म्हणजे नोड त्या फेरीत क्लस्टर हेड होण्याची शक्यता, २० फेऱ्यांच्या आवर्तनाच्या पहिल्या फेरीत ०.०५ असतो आणि ज्यांची पाळी अजून झालेली नाही अशा नोडसाठी तो वाढत वाढत विसाव्या फेरीत १ होतो. हे सूत्र दिसायला गुंतागुंतीचे असले तरी गणित मांडून पाहिल्यास त्याचा अर्थ एवढाच निघतो की प्रत्येक नोड २० फेऱ्यांपैकी कोणतीही एक फेरी स्वतःसाठी यादृच्छिकपणे निवडतो. नोड एकमेकांना विचारत नाहीत, त्यामुळे दर फेरीतील क्लस्टर हेडची संख्या द्विपद वितरणाप्रमाणे बदलते: सरासरी ५, प्रमाण विचलन सुमारे २.२. म्हणजे २ आणि ९ हे आकडे अगदी स्वाभाविक आहेत.

एकही क्लस्टर हेड नसण्याची शक्यता ०.९५ चा शंभरावा घात, म्हणजे साधारण ०.६ टक्का आहे; हजार फेऱ्यांत अशा पाच-सहा फेऱ्या येणारच. ५० नोड उरले की हीच शक्यता ७.७ टक्क्यांवर जाते आणि २० उरले की जवळजवळ ३६ टक्क्यांवर. प्रमाण ५ टक्केच ठेवले आणि नोड कमी होत गेले, तर दुसरे काही होणे शक्य नाही.

मात्र रिकाम्या फेरीत आपला प्रोग्रॅम नेमके काय करतो, हे अवश्य तपासावे. काही प्रोग्रॅममध्ये त्या फेरीत सर्व नोड थेट बेस स्टेशनला पॅकेट पाठवतात, तर काहींमध्ये कोणीच काही पाठवत नाही आणि ऊर्जाही खर्च होत नाही. दुसऱ्या प्रकारात शेवटचा नोड बंद पडण्याची वेळ बरीच लांबते आणि आलेखात नेटवर्क उगाचच दीर्घायुषी दिसते. अशा आलेखांवरून काढलेल्या निष्कर्षांवर माझा विश्वास बसत नाही.

क्लस्टर हेडची संख्या स्थिरच हवी असेल, तर लीच-सी हा २००२ मधील केंद्रीय प्रकार आहे. त्यात प्रत्येक नोड आपले स्थान आणि उरलेली ऊर्जा बेस स्टेशनला कळवतो आणि निवड बेस स्टेशन करते. त्या कळवण्याचा खर्च अर्थातच नोडच्या बॅटरीतून जातो.

उत्तर २

दुप्पट ऊर्जेच्या प्रश्नाबाबत लिहितो. लीच निवड करताना उरलेली ऊर्जा पाहतच नाही. आपले ८० साधे नोड पूर्वीइतक्याच वेळा क्लस्टर हेड होतात, त्यामुळे त्यांच्यातील पहिला पूर्वीच्याच वेळी संपतो, आणि समृद्ध नोडकडची जादा ऊर्जा सगळे उलटून गेल्यावर उपयोगी पडते. २००४ मध्ये मांडलेला सेप नेमका यावरचा उपाय आहे. आपल्या आकड्यांप्रमाणे सेपमध्ये साधा नोड २४ फेऱ्यांतून एकदा आणि दुप्पट ऊर्जेचा नोड १२ फेऱ्यांतून एकदा क्लस्टर हेड होईल. सरासरी पाचच राहील, पण ओझे ऐपतीप्रमाणे वाटले जाईल. सेप हाही सुरुवातीच्या ऊर्जेवरच चालतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. उरलेली ऊर्जा प्रत्यक्ष विचारात घेणारा हीड आहे. त्यात क्लस्टरच्या आतील संदेशवहनाचा खर्च हा दुय्यम निकष असतो आणि नोडची स्थाने ठाऊक असावी लागत नाहीत.

पेगॅसिसचा विचार मी आपल्या जागी करणार नाही. नोडची साखळी करून प्रत्येकाने शेजाऱ्यालाच पॅकेट द्यायचे, ही कल्पना ऊर्जेच्या दृष्टीने उत्तम आहे, परंतु १०० नोडच्या साखळीत माहिती पोहोचायला लागणारा विलंब बहुतेक ठिकाणी परवडत नाही.

क्लस्टर हेडवरील ओझे किती असते, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. प्रचलित रेडिओ मॉडेलप्रमाणे इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च बिटमागे ५० नॅनोज्यूल, एकत्रीकरणाचा ५ नॅनोज्यूल, आणि बेस स्टेशन १५० मीटरवर धरले, तर १९ सदस्यांच्या क्लस्टरचा प्रमुख एका फेरीत सुमारे ७ मिलिज्यूल खर्च करतो: ३.८ पॅकेट घेण्यात, ०.४ एकत्रीकरणात आणि २.८ एकच पॅकेट पुढे पाठवण्यात. २० मीटरवरील सदस्याला तेवढ्यात ०.२२ मिलिज्यूल लागतात. फरक जवळजवळ ३२ पटींचा आहे. २० फेऱ्यांच्या एका आवर्तनात नोडचे सुमारे ११ मिलिज्यूल जातात आणि ०.५ ज्यूल साधारण ९०० फेऱ्या पुरतात. क्लस्टर लहानमोठे होत असल्याने पहिला नोड त्याआधीच संपेल. क्लस्टरिंग न करता प्रत्येक नोडने थेट पाठवले असते, तर सर्व काही १७७ फेऱ्यांत आटोपले असते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. रिकाम्या फेरीत माझ्या प्रोग्रॅममध्ये खरोखरच कोणी काही पाठवत नाही. ते बदलून पाहतो. एक शंका उरते. क्लस्टर हेडने १९ पॅकेटचे एक पॅकेट करायचे, हे गृहीतक किती योग्य आहे? मला प्रत्येक नोडचे वेगळे वाचन हवे आहे.

उत्तर ३

प्रत्येक वाचन जसेच्या तसे हवे असेल, तर बराचसा लाभ नाहीसा होतो. बेस स्टेशनकडे तितकीच पॅकेटे तितक्याच अंतरावर जाणार आणि वर क्लस्टर हेडचा घेण्याचा खर्च वाढणार, म्हणजे एकूण हिशोबात हे थेट पाठवण्याहूनही महाग पडते. तसे असेल तर क्लस्टर हेडकडून बेस स्टेशनपर्यंत अनेक टप्प्यांनी पोहोचणारी रचना पाहावी. त्यात बेस स्टेशनजवळचे प्रमुख इतरांची पॅकेटे पुढे ढकलून लवकर थकतात, म्हणून तेथील क्लस्टर मुद्दाम लहान ठेवण्याच्या असमान क्लस्टरिंग पद्धती निघाल्या आहेत.

याहून मोठी अडचण वरच्या रेडिओ मॉडेलची आहे. नुसते ऐकत राहण्याचा खर्च त्यात शून्य धरला आहे. सीसी२४२० ही या क्षेत्रात खूप वापरली गेलेली रेडिओ चिप घेतली, तर तिला कमाल शक्तीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर लागतात आणि ऐकताना १८.८, म्हणजे ऐकणे अधिक महाग आहे. ३ व्होल्टवर रिसिव्हर सेकंदभर उघडा राहिला, की ५६ मिलिज्यूल गेले. उत्तर २ मधील हिशोबाप्रमाणे ही क्लस्टर हेडच्या आठ फेऱ्यांची ऊर्जा आहे, आणि या काळात एकही बिट आलेला नसू शकतो. सदस्य आपल्या स्लॉटपुरता, म्हणजे पाठवण्याच्या ठरलेल्या वेळेपुरता, जागा होऊन पुन्हा झोपतो, पण प्रमुखाला सर्व स्लॉटभर जागे राहावे लागते. घड्याळे थोडी मागेपुढे झाली, तर ती मुभा धरून आणखी.

म्हणून प्रोटोकॉल बदलण्याआधी सिम्युलेशनमध्ये रिसिव्हर उघडा राहण्याचा वेळ वेगळ्या चलात मोजावा आणि त्यानंतरच लीच, सेप आणि हीड यांची तुलना करावी. क्लस्टर जुळवताना हीडमध्ये जे संदेश पुन्हा पुन्हा फिरतात, त्यांचा खर्चही त्याच चलात दिसू लागेल. तो फार वाटला, तर दर फेरीला क्लस्टर न बदलता एकाच रचनेत अनेक वाचने घ्यावीत.