कपडे उतरवणारं माहजोंग: खेळ म्हणून खेळावं का?

सोंगटीबाज (धागाकर्ता)

माहजोंग म्हणजे चौघांनी खेळायचा सोंगट्यांचा खेळ, आणि जपानमध्ये 'दात्सुइ माहजोंग' हा व्हिडिओ गेमचा एक अख्खा प्रकार आहे. दात्सुइ म्हणजे कपडे उतरवणं. पडद्यावर रेखाटलेली बाई, तिच्याशी दोघांचा डाव, आणि आपण जिंकलो की तिचा एक कपडा उतरतो. १९८० च्या दशकात तिथल्या गेम सेंटरांत ही यंत्रं भरपूर असत. सेटा कंपनीची 'सुपर रिअल माहजोंग' मालिका १९८७ सालची, आणि तिचा पाचवा भाग २०१९ मध्ये निन्टेंडो स्विचवरही आला. अशाच जातीचा एक जुना खेळ मी दोन महिने खेळतोय.

माझं मत स्पष्ट आहे: खेळावा. रिइची माहजोंग, म्हणजे जपानी नियमांचं माहजोंग, मला त्यानेच शिकवलं. ३४ प्रकारच्या सोंगट्या, प्रत्येकीच्या ४ प्रती, एकूण १३६. हातात १३, चौदावी आली की ४ संच आणि १ जोडी. रमी येणाऱ्याला इथवर काहीच जड नाही. पुढे गाडी अडते. नुसते संच जुळून डाव लागत नाही, हातात किमान एक 'याकु', म्हणजे मान्य असलेला नमुना, लागतो. शिवाय 'फुरितेन': ज्या सोंगट्यांवर आपला हात पुरा होतो त्यांतली एखादी आपणच आधी टाकलेली असेल, तर समोरच्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकता येत नाही. हे नियम वाचून तीनदा डोक्यावरून गेले होते. खेळताना हवी ती सोंगटी समोर पडली तरी जिंकल्याचं बटण उमटेना, तेव्हा एका संध्याकाळीत कळले. आणि खरं सांगतो, चित्रांचं आमिष नसतं तर मी तिसऱ्या दिवशीच सोडून दिलं असतं.

कर्दळ

पूर्ण असहमत. तुमचं शेवटचं वाक्यच माझा मुद्दा आहे. हरल्यावर तुमचे गुण जातात, तिचे कपडे जातात. डाव एकच, पण दोघांनी पणाला लावलेली वस्तू वेगळी. फाशांच्या डावात बायको पणाला लावण्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि त्या सभेत कोण चुकलं हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. चित्रातल्या बाईला लाज नसते हे मला मान्य. पण खेळणाऱ्याच्या मनाला जी सवय लागते ती चित्रातली नसते.

आणि या प्रकारात शाळेच्या गणवेशातली पात्रंही आहेत. तिथे माझ्यापुरती चर्चाच नाही. ते नकोच.

सोंगटीबाज

गणवेशाबद्दल शंभर टक्के मान्य. तसे खेळ मी उघडतही नाही, आणि कुणी उघडू नयेत.

ओसाकाचा पाऊस

मी ओसाकात नोकरीला आहे, चौघांत बसून खेळतो. कर्दळ यांचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी माझा विरोध आहे, कारण हे माहजोंग म्हणूनच खोटं आहे. गेम सेंटरचं यंत्र १०० येनच्या नाण्यावर चालायचं. तुम्ही तासभर बसलात तर मालकाचं नुकसान, म्हणून यंत्राला झटपट जिंकावं लागे. पहिल्याच फेरीत समोरून 'रिइची' (एकच सोंगटी हवी आहे अशी घोषणा), दुसऱ्या सोंगटीला डाव खलास! खऱ्या डावात वाटणाऱ्याला पहिल्याच हातात पुरा डाव मिळण्याची शक्यता साधारण ३,३०,००० त एक. या यंत्रांपुढे बसलेल्यांना तो चमत्कार वारंवार दिसलाय. उलट खेळाडूलाही सोंगट्या बदलून घ्यायची जादू काही खेळांत विकत मिळते. दोन्हीकडून लबाडी.

सर्वांत मोठं नुकसान म्हणजे बचाव शिकता येत नाही. चौघांच्या डावात निम्मं कौशल्य हात सोडून देण्यात आहे. कुणी रिइची म्हटलं की त्याने टाकलेल्या सोंगट्या वाचायच्या, त्यातली सुरक्षित शोधून तीच टाकायची, स्वतःचा सुंदर हात मोडायचा. मला हे जमायला वर्ष लागलं. तुमच्या खेळात समोरचीच्या सोंगट्यांत वाचण्यासारखं काही नसतं, कारण तिचा निकाल आधीच ठरलेला. दोन महिन्यांत तुम्हाला फक्त पुढे धावायची खोड लागली असेल.

जिमखाना

मुंबईत आमच्या क्लबात बायका वर्षानुवर्षं माहजोंग खेळतात, नियम जपानी नव्हेत. सोंगट्या ढवळल्याचा तो खळखळाट, चार जणींच्या गप्पा, हे सोडून एकट्याने पडद्यासमोर का बसायचं? नैतिक वगैरे नंतर बघू.

सोंगटीबाज

चार माणसं जमत नाहीत म्हणून, ताई. पण ओसाकाकरांचा बाण लागला. काल 'माहजोंग सोल' या ऑनलाइन खेळावर चौघांत बसलो आणि आठ डावांत सहा वेळा माझ्याच सोंगटीवर दुसरा जिंकला. बचाव शून्य. तरी ज्याने याकु शिकवला त्याला खोटा म्हणवत नाही.

कर्दळ

'माहजोंग सोल'मध्येही नटलेल्या मुली आहेत, पण तिथे हरल्यावर कुणाचं काही उतरत नाही आणि लोक रात्र रात्र खेळतात. मग आमिषाशिवाय चाललं नसतं हे कशावरून? चौघांच्या डावाला एक जागा रिकामी असेल तर मी शिकायला येते. या खेळाबद्दलचं मत मात्र तेच आहे.