मदत हवी आहे : एमआयआरसीच्या अलियासमधून व्हॅल्यू परत कशी आणायची?

नमस्कार मंडळी,
आयआरसीवर (इंटरनेटवर टाइप करून गप्पा मारायची जुनी व्यवस्था) आमचा प्रश्नमंजुषेचा छोटा चॅनेल आहे. बॉट म्हणजे आपोआप उत्तरं देणारा खेळाडू, इथे विंडोजवर चालू ठेवलेला एमआयआरसी हा आयआरसीचा प्रोग्रामच. खेळाडूंचे गुण एका आयएनआय फाइलमध्ये आहेत. कोणी '!गुण' टाइप केलं की बॉटने त्याचे गुण सांगायचे, एवढंच काम. सध्या गणपतीनिमित्त सगळ्यांना 5 गुण बोनस आहे. रिमोटमध्ये (एमआयआरसीच्या स्क्रिप्टच्या जागी) हा अलियास, म्हणजे आपण स्वतः बनवलेली कमांड, टाकलाय ($1 म्हणजे तिला दिलेला पहिला पॅरामीटर, $नल म्हणजे रिकामी व्हॅल्यू; कमांड देवनागरीत लिहितोय, समजून घ्या):

अलियास गुण {
व्हार %ग = $रीडआयएनआय(गुण.आयएनआय, खेळ, $1)
इफ (%ग == $नल) हॉल्ट
रिटर्न %ग + 5
}

जुन्या खेळाडूने विचारलं तर चॅनेलवर चक्क '40 + 5' छापून येतं. नव्याने विचारलं तर बॉट मुका. '!गुण' आलं की चालणाऱ्या कोडमध्ये (इव्हेंटमध्ये) पुढे 'तुमची नोंद नाही' अशी ओळ आहे, तिथपर्यंत तो पोचतच नाही. शिवाय पायथनच्या सवयीने 'व्हार %क्ष = गुण पोपट' (पोपट हा एक खेळाडू) लिहून पाहिलं, तर %क्ष मध्ये 'गुण पोपट' हे दोन शब्दच जाऊन बसले! एरर मात्र कुठेच नाही.

— नवखा_बॉटवाला

बॉट मुका होतो तो हॉल्टमुळे. रिटर्न फक्त चालू अलियास संपवतो आणि ज्याने बोलावलं त्याच्याकडे काम परत जातं. हॉल्ट सगळी साखळीच थांबवतो, तुमचा इव्हेंटसुद्धा. तिथे नुसतं 'रिटर्न' लिहा, इव्हेंटला $नल मिळेल आणि 'नोंद नाही'ची ओळ चालेल. कुठे $$1 वापरलं असेल तर तेही तपासा. पॅरामीटर आला नाही की तेही असंच गुपचूप सगळं थांबवतं.

रिटर्न स्वतः बेरीज करत नाही, मजकूर आहे तसा देतो. म्हणून हिशोब करणारं $कॅल्क वापरा: रिटर्न $कॅल्क(%ग + 5). 'व्हार %ग = %ग + 5' मात्र बेरीज करतो, त्यामुळे भलेभले इथे फसतात.

आता तिसरं. व्हॅल्यू हवी असेल तर $ लावून बोलवा: व्हार %क्ष = $गुण(पोपट). नाव आणि कंस यांच्यात जागा सोडायची नाही. साध्या कमांडसारखं 'गुण पोपट' चालवलंत तर परत आलेली व्हॅल्यू $रिझल्टमध्ये मिळते. पण मध्ये दुसरा अलियास बोलावला की $रिझल्टमध्ये त्याची व्हॅल्यू येते, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

— कट्ट्यावरचा

वरच्यांशी सहमत. एक भर: $रीडआयएनआय मध्ये फाइलच्या नावानंतर 'एन' हा स्विच द्या. तो नसेल तर फाइलमधला मजकूर कोड समजून चालवला जातो. आज तिथे नुसते आकडे आहेत म्हणून निभावतंय. उद्या खेळाडूंनी टाइप केलेलं काही साठवलंत तर कोणीही आगाऊ पोरगं तुमच्या मशीनवर हवं ते करेल.

आणि $ लावून बोलावताना पॅरामीटर स्वल्पविरामाने वेगळे होतात, जागेने नाही. $गुण(पोपट 5) लिहिलंत तर $1 मध्ये 'पोपट 5' असं अख्खं येईल.

— रात्रपाळी

दोघांचेही आभार, 45 दिसले! आता गुणांसोबत क्रमांकही हवाय. एका अलियासमधून दोन व्हॅल्यू परत देता येतात का?

— नवखा_बॉटवाला

रिटर्न एकच मजकूर देतो. 'रिटर्न 45 3' असं जोडून द्या आणि बाहेर $गेटटॉक(%क्ष,2,32) ने दुसरा तुकडा, म्हणजे क्रमांक, काढा. 32 म्हणजे स्पेसचा आस्की कोड. मला स्वतःला $गुण(पोपट).क्रमांक ही पद्धत जास्त आवडते: अलियासमध्ये आधी 'इफ ($प्रॉप == क्रमांक)' तपासून ($प्रॉप म्हणजे टिंबानंतरचा शब्द) क्रमांक रिटर्न करायचा, नाहीतर गुण. सहा महिन्यांनी कोड उघडलात तरी काय मागितलंय ते वाचता येतं.

— कट्ट्यावरचा