‘विरळ मिश्रण’ म्हणजे नक्की काय? रिच-लीनला मराठीत काय म्हणावं

(इंदूर)
माझा भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हौशी लोक घरी बांधतात तसल्या दोन सीटच्या विमानाला रोटरी इंजिन बसवायचं झालं तर हवा-पेट्रोलची सोय कोणती घ्यावी, कार्ब्युरेटर (हवेच्या ओढीनं पेट्रोल ओढून मिसळणारा) की इंजेक्शन (पेट्रोल मोजून फवारणारं), असा त्याचा प्रोजेक्ट आहे. कागदावरचाच आहे, पण पोरगा जीव लावून करतोय आणि इथल्या मराठी मंडळात वाचायचा म्हणून मराठीही त्यानंच केलं. त्यात एक वाक्य आलं, "विमान वर गेलं की विरळ होतं, म्हणून पेट्रोल वाढवावं लागतं." मी तिथंच थांबलो, कारण हे बरोबर उलटं आहे.

हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त असलं की रिच, कमी असलं की लीन. त्यानं रिचला ‘दाट’ आणि लीनला ‘विरळ’ घेतलं होतं. ऐकायला छान, पण वरची हवाही आपण विरळच म्हणतो ना! हवा विरळ झाली की साध्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलही थोडं कमी ओढलं जातं, पण हवा जेवढी घटते तेवढं पेट्रोल घटत नाही, त्यामुळे हवा विरळ आणि मिश्रण मात्र दाट. म्हणून पायलट वर गेल्यावर मिक्स्चरचा नॉब ओढून पेट्रोल कमी करतो. एकच शब्द दोन्हीकडे वापरला की वाचणारा फसणारच, आणि विमानात असं फसणं परवडत नाही.

आमच्या जुन्या चेतकचा मिस्त्री प्लग काढायचा, बोटावर काजळी पुसून दाखवायचा, "प्लग काला आ रहा है, पेट्रोल ज्यादा पी रही है". पांढरा आला तर "हवा ज्यादा". दाट नाही, विरळ नाही, पण कुणाचा गोंधळ झाला नाही. मला ‘पेट्रोल चढं’ आणि ‘पेट्रोल उणं’ सुचतंय, चढा भाव म्हणतो तसं. कसं वाटतं?

(बडोदा)
आधी ‘रोटरी’ शब्दाचंच बघा, कारण त्या नावाची दोन अगदी वेगळी इंजिनं आहेत. पहिल्या महायुद्धातल्या विमानांत होती त्यात क्रँकशाफ्ट (मधला दांडा) जागेवर आणि सिलिंडरांसकट अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरायचं. फ्रान्सचं ग्नोम ओमेगा, 7 सिलिंडर, 50 हॉर्सपॉवर, ते त्यातलंच. फिरत्या सिलिंडरला कार्ब्युरेटर लावणार कुठं, म्हणून हवा-पेट्रोल पोकळ क्रँकशाफ्टमधून आत जायचं आणि वंगण म्हणून एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. तुमच्या भाच्याचं इंजिन जर्मनीच्या वांकेलचं, 1957 मध्ये पहिल्यांदा चाललं ते. त्याच्या आताच्या रूपात तिकोनी रोटर आत फिरतो, बाहेरचं घर जागेवर. ‘फिरतं इंजिन’ आणि ‘रोटरचं इंजिन’ असे दोन शब्द ठेवले तर बरं पडेल, नाहीतर कुणीतरी जुन्या इंजिनाचा सल्ला नव्याला लावायचा.

(ग्वाल्हेर)
‘चढं’ नको हो दादा, विमान चढतंय त्याच वाक्यात पेट्रोल चढं आलं तर परत तोच घोळ. आणि लीन करण्याला ‘आवळणं’ म्हणताना मी ऐकलंय, तेही टाळा. स्क्रू पेट्रोलचा असेल तर आवळल्यावर पेट्रोल कमी होतं, पण हवेचा असेल तर आवळल्यावर हवा कमी होते, म्हणजे मिश्रण रिच! अजून एक, हवा आत येते त्या इनटेक पोर्टला काय म्हणायचं? वांकेलमध्ये व्हॉल्व्ह नसतात, भिंतीत भोक असतं आणि रोटर फिरता फिरता ते झाकतो-उघडतो.

(इंदूर)
ताई, पटलं, चढं-उणं रद्द. सरळ ‘पेट्रोल जास्त’ आणि ‘पेट्रोल कमी’ लिहू, दोन शब्द जास्त गेले तर जाऊ देत. पोर्टला मला ‘खिडकी’ आवडेल. माझदा कंपनीच्या 13बी या वांकेल इंजिनात हवेच्या खिडक्या बाजूच्या भिंतीत असतात. काही जण त्या बाहेरच्या गोल भिंतीत काढतात. जोरात फिरवलं की ताकद जास्त मिळते, पण आत येण्याची आणि बाहेर जाण्याची खिडकी काही वेळ एकदमच उघडी राहते म्हणून हळू चालताना इंजिन धडधडतं. ‘खिडकी’ म्हटल्यावर भाच्याला हे एका वाक्यात समजलं, ‘अंतर्ग्रहण द्वार’ म्हणून दोन दिवसांत समजलं नव्हतं.

बडोद्याच्या काकांचंही घेतलं, ‘रोटरचं इंजिन’च लिहिलंय. आणि एरंडेलावरून आठवलं, वांकेलमध्येही रोटरच्या टोकांच्या सीलना तेल लागतं, विमानवाले बरेच जण पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात, म्हणजे आमच्या चेतकसारखंच.

कार्ब्युरेटर की इंजेक्शन, तर माझं मत इंजेक्शन. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना इतकी थंडी पडते की बाहेर 20 डिग्री असताना, हवा दमट असेल तर, आत बर्फ धरतो. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनला तो त्रास फारसा नाही आणि उंचीप्रमाणे पेट्रोल ते स्वतःच कमी करतं. पण ते पूर्ण विजेवर चालतं, वीज गेली की पंप बंद, पंप बंद की इंजिन बंद. म्हणून पंप दोन, त्यांच्या वायरी वेगळ्या, आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी, म्हणजे गरम इंजिनाजवळ पडून त्याची वाफ होणार नाही. हे भाच्याकडून लिहून घेतलंय.

त्याचं वाक्य आता असं आहे: "विमान वर गेलं की हवा विरळ होते आणि मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, म्हणून कार्ब्युरेटर असेल तर पायलटला ते हातानं कमी करावं लागतं."